दोन माणसांसाठी

लेबलवर लिहिलेलं असतं : दोन माणसांसाठी.
कोणती दोन, ते लिहिलेलं नसतं.
कारखान्यात मापाला घेतलेली ती दोघं
सडपातळ असावीत, कोरडी असावीत,
ओले बूट नसावेत त्यांच्याकडे, स्टोव्ह नसावा,
आणि एकमेकांशी काही बिनसलेलं नसावं.

म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी आडवं करते.
इथेच, दुकानाच्या फळ्यांवर.
कोट घालूनच झोपा, म्हणते.
याइलोत एकोणीस हिवाळे हेच करतेय.
नवराबायको लाजतात. मित्र हसतात.

बोर्गिल आणि आयविन्द हसले नाहीत.
ती त्याच्या पाठची, दोन वर्षांनी धाकटी;
दोघांचे केस आता सारखेच पांढरे.
फिन्सेहून पठार ओलांडायचंय, फेब्रुवारीत, आठ रात्री,
एवढं सांगितलं, तेही मला,
जणू मीच दोघांमधली दुभाषी.

त्याला हवा होता बोगद्यासारखा लांबट :
वाऱ्याकडे शेपूट करून मुकाट पडून राहणारा,
पुढे ओसरी, तिथे बर्फ खणून
पाय सोडून बसता येईल, चहा ठेवता येईल.
तिला घुमट. ताणाच्या दोऱ्यांशिवायही उभा राहणारा.
"दोऱ्यांच्या जिवावर उभं राहणाऱ्याचा काय भरवसा,"
ती म्हणाली.
तंबूबद्दलच म्हणाली असावी.

मी माझं नेहमीचं सांगत राहिले.
वजनाचं मनावर घेऊ नका, ओढायला स्लेज आहे.
खालून बर्फ लोटून दाबायला झालर हवी.
आतलं कापड जाळीचं नको,
वादळात बर्फ त्यातून पिठासारखा चाळला जातो.
जाड हातमोज्यानिशी खांब कडीत बसवून बघा,
बघा ना, आत्ताच.
आणि छताला झरोका हवाच. तरी श्वास गोठतोच,
पहाटे कुणी कूस बदलली की चेहऱ्यावर झडतो.
आपला, शेजारच्याचा,
कुणाचा कुठला ते सांगता येत नाही.

"दारं किती?" तिने विचारलं.
"दोन हवीत. रात्री कुणाला कुणाला ओलांडून
जायला लागू नये."

दोन दारांचा एकच होता, लाल,
घुमटच, पण दोन्हीकडे छोटी ओसरी.
दोघं आत गेले. मी चेन ओढून घेतली.

लोकांना वाटतं कापड म्हणजे भिंत.
कापड नजर अडवतं, आवाज नाही.

बराच वेळ नुसतं नायलॉन कुरकुरलं.
एवढ्या रुंदीत उताणं कुणी मावत नाही,
पाठीला पाठ लावूनच पडले असणार.
मग त्याचा आवाज, छताला उद्देशून :
"फोन मी रात्रीच करायला हवा होता."
"तू सकाळपर्यंत थांबलास."
"वाटलं, तू झोपली असशील."
"मी जागी होते, आयविन्द.
आई तिकडे तशी, आणि मी झोपेन?"

मी उठले.
वाऱ्यात तंबू कसा धरतो ते दाखवायला
ठेवलेला मोठा पंखा
शेवटच्या बटणावर लावला.

बाहेर आले तेव्हा तिचे केस विजेने उभे,
त्याच्या गालावर शिवणीचा वळ.
त्याने पाकीट काढलं. तिने अर्धे मोजून
त्याच्या हातात न देता काउंटरवर ठेवले.
"डावी बाजू माझी," एवढंच म्हणाली.

मार्चमध्ये तंबू दुरुस्तीला आला, टपालाने.
एक खांब वाकलेला. ओसरीच्या छताला
स्टोव्हच्या ठिणगीने मसुराएवढं भोक.
आत केरोसीनचा, कॉफीचा, लोकरी मोज्यांचा वास.

डाव्या दाराची चेन सैल, गुळगुळीत झालेली,
तिच्या दोरीची गाठ हाताळून हाताळून काळी.
उजव्या दाराच्या चेनीवर
मी घासलेलं मेण तसंच पांढरं,
कडीत माझ्याच किमतीच्या चिठ्ठीचा दोरा.
आठ रात्री. एकदाही नाही.

वारा त्या बाजूचा असेल.
पठारावर असतो तसा, दिवसेंदिवस.

भोकावर ठिगळ चिकटवलं, खांब बदलला,
दोरा कापायला कात्री उचलली,
मग राहू दिला.