खोलीचा आवाज

मी आवाजवाला. चित्राशी माझं देणंघेणं नाही.
ग्रिम्सबीत, गोदीमागच्या गल्लीत
दोन दिवसांपुरतं भाड्यानं घेतलेलं घर,
साठ सेकंदांची फिल्म,
शेवटी संस्थेचं नाव आणि फोन नंबर.

सकाळी कलाविभागानं
चहाचं पाणी फवारून भिंतीवर ओल आणली.
खरी ओल वरच्या खोलीत होती,
पण कॅमेऱ्यात ती ओल वाटेना.
फ्रीज रिकामा केला. मग कुणीतरी म्हणालं, फारच रिकामा,
म्हणून एक लिंबू ठेवलं.

ब्रायोनी नऊ वर्षांची. सोबत आई,
आणि कायद्यानं नेमलेली एक बाई, नुसती घड्याळाकडे बघायला:
इतके तास काम, इतके तास गणित.
मेकअपवाली तिच्या गालांवर स्पंजानं मळ लावते,
थोडा मानेला, थोडा कानामागे.
डबीवर लिहिलंय: मळ, मध्यम.

दारात लोर्ना. चौतीस वर्षांची, टायरच्या दुकानात कामाला.
गोष्ट तिची आहे.
बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
"माझं तोंड कधी मळकं नसायचं हो.
वर्गात सगळ्यात स्वच्छ मीच.
थंड पाणी, भांड्याचा साबण,
आधी धाकट्याचं, मग माझं.
कुणाला कळू नये म्हणून."

रोड्री वाईट माणूस नाही.
खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.
"पण साठ सेकंदांत स्वच्छ पोर दिसलं
तर लोक म्हणतील, बरं चाललंय की."

"तसंच म्हणायचे," लोर्ना म्हणाली.

मळ राहिला.

दुपारी तिचं काम. खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड,
एकच वाक्य:
मी त्यातून बाहेर आले.
पहिल्या टेकला घसा बसला.
दुसऱ्याला छपरावर समुद्रपक्षी भांडले.
तिसरा तिनंच थांबवला.
"'आले' नको. 'येते' म्हणू का?
रोज येते. कधी सकाळीच, कधी दुपार होते.
पण येते."

संस्थेच्या बाईंनी कागद पाहिला.
वाक्य मंजूर होऊन आलेलं, पार वरून.
सातव्या टेकला 'आले' नीट आलं.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.
तिनंही वाजवल्या.

शेवटी दरवेळी माझं एक मागणं असतं:
अर्धा मिनिट कुणी हलू नका, बोलू नका,
मला नुसत्या खोलीचा आवाज हवाय.
जोडकामात वाक्यांमधल्या फटी त्यानं बुजवतात.
असतो तेव्हा कुणाला ऐकू येत नाही;
नसला की कान ठेचकाळतो.

सगळे जागच्या जागी.
लाइटवाला सँडविचचा घास तोंडात धरून, न चावता.
हेडफोनमध्ये फ्रीजची घरघर,
लांब कुठे मागे सरकणारा ट्रक,
आणि बाराव्या सेकंदाला
काहीतरी घासल्याचा आवाज.
ओला, बारीक, थांबत थांबत.

वर पाहिलं.
लोर्ना गुडघ्यांवर बसलेली,
हातात ओला रुमाल, ब्रायोनीचा कान दुमडलेला,
आणि ओठांतल्या ओठांत,
"थांब जरा. इथे मागे राहतंच नेहमी."

टेक गेला. मी काही बोललो नाही.
दुसरा घेतला, तो निर्मळ मिळाला,
फिल्मला तोच लागेल.
पहिल्याच्या फाईलला नाव दिलं: खोली एक, खराब.

खोडायची राहिली म्हणा,
किंवा राहू दिली.
रात्री हंबरच्या पुलावरून घरी जाताना
गाडीत दोनदा लावली.
शेवटी शेवटी पोरगी हसते त्यात, गुदगुल्या झाल्यासारखी.
तिथे उभा होतो तेव्हा
मला ते ऐकूच आलं नव्हतं.