वैयक्तिक वापर

कंपनी बियाण्यांची, जालन्याच्या एमआयडीसीत.
राऊटर शीतगृहाच्या भिंतीला टांगलेला,
पासवर्ड म्हणजे बंद पडलेल्या एका कपाशीच्या वाणाचं नाव.
माझं काम एवढंच :
दर महिन्याच्या पाच तारखेला यादी द्यायची,
कुणी किती ओढलं.
शेवटचा रकाना, ‘वैयक्तिक वापर’.

मला दार दिसतं. आतलं घर दिसत नाही.
म्हणजे तांगडेबाई, उगवण तपासणीच्या,
शंभर दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळतात,
डबा खातात,
आणि एक वाजून दहा मिनिटांनी कोर्टाच्या साइटवर जातात.
चार मिनिटं. रोज.
तारीख रोज बदलत नसते
हे त्यांना माहीत नसेल का?
कसली केस, मी विचारलं नाही.
भुतेकर लग्नाच्या साइटवरून थेट सोन्याच्या भावावर.
मुनीरभाई शारजाचं ऊन बघतो, पोरगा तिथं सेंटरिंगला,
तिथला आकडा आपल्यापेक्षा खाली आला
की दिवसभर गाडी हळू चालवतो.
साहेबांचं मी लिहीत नाही.

आणि मुंजाजी डाके, रात्रीचा वॉचमन.
एकेचाळीस जीबी.
‘सायेब, आमच्या वस्तीवर रेंज न्हाई.
नातीला कार्टून लागतंय, तेच्याबिगर घास उतरत न्हाई तिच्या.
मनून हितून भरून नेतो.’

भरून नेतो.
सकाळी सायकलला दोन कॅन अडकवून
कूलरचं पाणीही तो भरूनच नेतो.
त्याला कुणी काही म्हणत नाही,
पाण्याचा रकाना माझ्या यादीत नाही.

मी लिहिलं : डाके, एकेचाळीस, वैयक्तिक.
खोटं तर नव्हतं.
सोमवारी वरून फोन आला
आणि मी त्याचं नाव बंद केलं.
एक टिचकी.

त्याला वाटलं, नळासारखंच असतंय हे.
ड्यूटीवर येतो, शिट्टी गळ्यात अडकवतो,
शीतगृहाच्या भिंतीशी फोन धरून उभा राहतो,
जिथं एक दांडी जास्त येते.
‘आज सुटलं का, सायेब?’
मी म्हणतो, वरूनच नाही.
‘मग काय. तुमी तरी काय करताल.’
अकरा दिवस झाले, एकदाही चिडला नाही.
वरूनच नाही म्हटलं की आमच्याकडे माणूस चिडत नाही,
घागर उपडी घालतो
आणि शेजाऱ्याला विचारून येतो, तुमच्याकडं तरी?

यादी करणाऱ्याचा कॉम्प्युटर यादीत येत नाही.
हे मीच ठरवलं होतं, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात.
सहानंतर सगळे गेले की मी नकाशा उघडतो, उपग्रहाचा.
गाव धरणात गेलं तेव्हा मी चौथीत होतो.
एका कोरड्या सालच्या फोटोत
पाराचा गोल दिसतो,
शाळेच्या दीड भिंती,
आणि एक पांढरी रेघ.
ती आमची वाट असेल, नाहीतर नुसता गाळ.
मी ती मोठी करत जातो, करत जातो,
तिचे चौकोन फुटेपर्यंत.
मग यंदाचा फोटो लावतो.

काल मुंजाजी चहा घेऊन आला
आणि माझ्या मागेच उभा राहिला.
मला कळलं नाही.
स्क्रीनभर निळं, या काठापासून त्या काठापर्यंत.
‘अबाबा! येवढं पानी?
मंजे सुटलं मना की!’
कप टेबलावर ठेवला,
खिशातला फोन सदऱ्याला पुसला
आणि तो भिंतीकडे निघाला.