अदलाबदल

सोमवारी रात्री, शेवटची भट्टी ओतून झाल्यावर
आम्ही पाच जण बसलो बोर्डाखाली,
उद्यमबागेतल्या त्या मैदानावर, जिथं रिंगेला जाळी नाही,
चेंडू आत गेला की बाहेर, कानाला कळत नाही.

कागद गुंडू कंग्राळकरांच्या हातात.
हुबळीवाले ईरण्णा हल्लीकेरीला सोडायला तयार,
बदल्यात मागतात आमचा भरमा.
नुसता भरमा. वर काही नको.
"एवढा मोठा प्लेअर, आणि का सोडूलेत?"
हे विचारलं फक्त मी.

ईरण्णाला मी धारवाडला पाहिलाय.
डावखुरा. बत्तीस पॉइंट एकट्याचे,
त्यातला शेवटचा तर, लेस बांधायला वाकलेला माणूस
सहज उठून टाकतो तसा.
पब्लिक उभी राहिली. मीही राहिलो, खोटं कशाला बोलू.

पण माझं काम फेटलिंगचं, पंचवीस वर्षं.
चकचकीत कास्टिंग हातात आलं की आधी
हातोडीनं टकटक करतो, कान लावतो.
आत पोकळी असली की आवाज बद्द येतो.
चेंडू समोरच्यांकडं गेला रे गेला
की ईरण्णा कमरेवर हात ठेवून उभा,
त्याचा माणूस केव्हाच बाजूनं निघून गेलेला,
आणि हा रेफ्रीला काहीतरी समजावतोय.
बद्द.

"बत्तीस घालतोय की," किसन मुचंडी म्हणाला.
"आणि चाळीस खातोय."
"आणि तुमचा भरमा काय करूलाय? चार. मोजून चार."

खरंय. त्या चारातले दोन फ्री थ्रोचे.
पण भरमासमोर जो खेळतो
त्याला त्या रात्री जेवण गोड लागत नाही.
न झालेल्या पॉइंटांना
स्कोअरशीटवर रकाना कुठाय?

आमच्या गावात रेषेबद्दल कुणालाही विचारा,
तिसऱ्या गेटच्या टपरीवर तासभर बोलेल,
मराठीत, कानडीत, चहा संपला की दोन्हीत.
रेषेवर गुडघे वाकवून उभा राहणारा
अख्ख्या टीममध्ये एक.

मग किसननं ती सेमीफायनल काढली.
अडतीस–एक्केचाळीस. शेवटची चार मिनिटं
आम्ही एकही टाकू शकलो नव्हतो.
"अडवून अडवून किती अडवणार मामा?
रिंग काय आपणहून चेंडू गिळते?"
ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.
आजही नाही.

तेवढ्यात मशीनशॉप सुटलं, भरमा सायकलवरून आला.
कुणी काही सांगायची गरज नव्हती,
कागद असा उलटा धरला की माणसाला वाचता येतोच.
"द्या की मला," म्हणाला.
"हुबळीला ग्राउंडवर लाइट तरी असतात."
स्टँड लावला. चेन बसवली. हात पुसले.
"फक्त एक. फायनलला ईरण्णासमोर मीच असणार.
तीन वर्षं बघूलालो त्याला.
उजवीकडं जात नाही तो."

कंग्राळकरांनी पेन उघडलं.
टोपण बराच वेळ दातात धरून बसले.

किसननं उगीच अंधारात चेंडू भिरकावला.
पाची जण माना वर करून बघत राहिलो
गेला का, नाही गेला.
भरमा बघत नव्हता.
चेंडू जिथं पडणार होता
तिथं तो आधीच जाऊन उभा होता.