प्रिंट मिळणेबाबत

बाबांचं खातं मी उघडलं ते नोव्हेंबरात,
डंडीला येऊन त्यांना आठवडा झाला होता.
(ते दांडी म्हणतात. मी सुधारत नाही.)
नाव: भालचंद्र. गट: पाहुणे.
तेव्हा पाहुण्यांनाही छापता यायचं.

चार दिवसांत त्यांनी काढल्या
इस्लामपूरच्या निधनवार्ता, सहा शब्दकोडी,
गुडघ्याचे व्यायाम, चित्रांसकट, रंगीत.
शाई संपली. चोवीस पौंड.
रात्री मी गटाची यादी उघडली,
'छपाई'पुढची खूण काढली.
आवाजसुद्धा झाला नाही.

ते काही बोलले नाहीत.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
आवक-जावक सांभाळलेला माणूस;
कुणाची सही चालते, कुणाची नाही,
हे त्याला स्क्रीनने सांगावं लागत नाही.
फक्त फ्रिजवर, चुंबकाखाली, एक कागद आला.
'विषय: प्रिंट मिळणेबाबत.
महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून'
वगैरे. खाली तारीख, सही, सहीखाली दोन रेघा.
मी हसले.
त्याच्याच पाठीवर दुधा-अंड्यांची यादी लिहून
दुकानात गेले.

डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात इथे,
टे नदी आहे की नाही, कळत नाही.
एका शनिवारी ओजसचा गृहपाठ छापेना
म्हणून मी रांग बघितली.
अकरा कामं अडकलेली,
सगळी भालचंद्र यांची,
रोज सकाळी एक, मी कामावर गेल्यावर.
प्रत्येकापुढे तेच: परवानगीच्या प्रतीक्षेत.

उघडून पाहिलं. एकच पान, अकरा वेळा.
आमच्या कोपऱ्यावरून नदीकाठाला जाणाऱ्या
बसचं वेळापत्रक.
परतीचा रकाना पिवळा केलेला.

मी खूण परत केली.
'पाहुणे' काढून दुसरा गट निवडायला गेले,
तिथे दोनच होते, मालक आणि पाहुणे,
नवा करायचा तर नाव द्या म्हणालं यंत्र.
कर्सर लुकलुकत राहिला.
तेवढ्यात प्रिंटर खोकला, आणि सुटलाच.
बाबा लोकरी मोज्यांत दारात उभे,
पानं मोजत. अकरा.
प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांनी पेनने
जावक क्रमांक टाकला.
एक प्रत खालच्या मोराग बाईंना दिली,
त्या जन्मापासून इथल्या, तरी त्यांनी घेतली.

सोमवारी सुट्टी नव्हती, तरी मी उशिरा निघाले.
खिडकीतून दिसलं:
कानटोपी, छत्री, आणि ड्रायव्हरपुढे धरलेला
घडी घातलेला कागद,
मंजुरी दाखवावी तसा.