तारीख राहू द्या

तुमच्या पुस्तकात आहे: समलिंगी हक्कांची पहिली बैठक,
पुलगाव. हजर अकरा. ठराव एकमतानं.

आम्ही चौघं होतो, बाप्पा.
जिनिंगच्या मागं, सरकीच्या ढिगावर,
अन् ठराव कसला,
पत्रकात 'आम्ही' लिहायचं का 'काही लोक'
यावरच कंदिलातलं रॉकेल संपलं.

कवडू म्हणतो, पत्रक त्यानं लिहिलं.
अक्षर शेषरावचं होतं,
'र'ला शेपूट काढायचा तो.
कवडूच्या सांगण्यात पोलीसही आले.
आला होता चौकीदार, बिडी मागायला,
अन् आमच्याआधी तोच घाबरला.

हे सगळं खोडा.
तारीख तेवढी राहू द्या.
चुकीची आहे, मीच सांगितली.

खऱ्या तारखेला शेषराव
काटोलच्या लग्नाला जातो सांगून
घरून निघाला होता.

तो गेला. बायको आहे.
दर पोळ्याला करंज्या घेऊन येते,
ओट्यावर टेकते, विचारते,
"भाऊजी, थ्या लग्नात जेवाले काय होतं?"

मी सांगतो. ती पुरावा मागत नाही.
दरसाल एखादा पदार्थ वाढतो.
यंदा पाटवडीचा रस्सा.