चौथा ठोका

काचेच्या पेटीला चार चिमटे होते.
त्या रात्री मी तीन लावले.

बाकी सगळं मला पाठ होतं.
दिवसा किती ऊब, रात्री किती ओल,
कुठल्या वारी उंदीर, किती ग्रॅमचा,
कात टाकण्याआधी डोळ्यांवर चढणारा दुधी पडदा.
वहीत तीन वर्षांच्या नोंदी, निळ्या शाईत.
'सुटला तर' असं पान त्या वहीत नव्हतं.

पाचू म्हणायचो त्याला.
कुठल्याशा दूरच्या बेटावरचा, पोपटी, अंगठ्याएवढा जाड.
कुरियरने आला होता, जेवणाच्या डब्यात,
वर चिठ्ठी: शोभेचे मासे.
त्याला कान नाहीत हे ठाऊक असून
मी नावाने हाक मारायचो.

पहाटे पेटीत कात होती
आणि दिवा, कोणालाच ऊब न देणारा.

पहिले दोन तास मी कोणाला सांगितलं नाही.
हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं
मला जरा बरा माणूस ठरवतं.
दोन तास टॉर्च घेऊन एकटाच
कपाटामागे, चपलांत, पंपाच्या खोक्यात.
खिडकीबाहेर, गडग्यापलीकडे,
शेवंती तारी अनवाणी उभी.
काठीने लाकडांच्या राशीवर तीन ठोके दिले
आणि आत हात घातला.
मी बघितलं.
मी खिडकी लावून घेतली.

मग घरोघर गेलो.
दुसऱ्या दिवशी पालखी यायची होती,
अंगणं सारवून ओली होती, प्रत्येक दारात
माझ्या पावलांचे ठसे उठले.
दत्ताराम मेस्त्री आधी हसले:
"मेल्या, कातळार फुरशी काय कमी होती,
म्हणान तू इकत हाडलंस?"
मग हसू ओसरलं. "रंग कसलो तेचो?"
हिरवा, म्हणालो.
आम्ही दोघांनीही वर पाहिलं.
आंबा, काजू, फणस, सुरंगी.
अख्खी वाडी त्याच रंगाची.

मुकादमांच्या हलिमाने पोरं आत घेतली, मला पाणी दिलं,
आणि पेला परत घेताना
माझ्या बाहीकडे बघत राहिली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई लातूरकडच्या, नव्या.
फ्रिज उघडून त्यांनी बाटली दाखवली.
"नाग, मण्यार, घोणस, फुरसं. या चौघांवर चालतं.
तुमच्या पाहुण्याचं नाव हिच्यावर नाही.
कोणाला चावला तर मी काय करायचं?
सांगा ना, तुम्ही एवढं वाचलंय."

वनखात्याला फोन मीच केला.
गावकी बसली, फार बोलली नाही.
एका चिमट्यापायी
देव एक रात्र वरच्या वाडीत थांबला.

तिसऱ्या दिवशी शेवंतीची नात
कढीपत्ता तोडायला गेली. हात वर गेला
आणि तिथेच राहिला.
"सगळी पानां हलत होती," ती नंतर म्हणाली,
"एकच हलत नाय होता."

आकडी आली, पिशवी आली, पंचनामा झाला.
वहीसुद्धा त्यांनी नेली.
रात्री अठ्ठावीसच्या खाली जाऊ देऊ नका,
मी वनरक्षकाला म्हणालो.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी हातातली कात खाली ठेवली.

दीड वर्ष झालं.
शेवंती माझ्याशी बोलते, पोफळीच्या भावाबद्दल, विजेबद्दल.
लाकडांवर तीन ठोके तिची सासूही द्यायची,
फुरशांसाठी. कातळावर राहायचं तर
एवढा शेजारधर्म पाळावा लागतो.
पाचू कधीच गेला, हे तिला माहीत आहे.
तरी रोज सकाळी, मी चहा गाळत असतो तेव्हा,
गडग्यापलीकडून येतं
ठक, ठक, ठक.
मग जरा थांबून
माझा.