इंचाला किती

नव्या पेठेत, हत्तुरे शेठच्या दुकानात
मला लागून चारच महिने झालेले.
पाठ केलेलं घडाघडा बोलायचे:
फुल एचडी, एचडी रेडी, पॅनल, पोर्ट,
आणि शेवटी, हप्त्यावर बसतो साहेब.
भिंतीवर नऊ टीव्ही,
नवांवर एकच पोपट
दर दोन मिनिटांनी त्याच फांदीवरून उडणारा.

लिंगय्या गज्जम आले एप्रिलच्या भर दुपारी,
डोक्यावर ओला टॉवेल, काखेत पिशवी.
एसीखाली जरा उभे राहिले.
मग खिशातून काढली घडीची पितळी काच,
इंचभर चौकटीची, कडा झिजलेली,
आणि सरळ पोपटाच्या पोटावर टेकवली.

"काका, स्क्रीनला हात नका लावू."
"हात कुठं लावलोय वो. धागं मोजतोय."

ओठ हलत होते. ओकटी, रेंडू, मूडू.
पोपट उडाला की थांबायचे,
परत आला की पुढे.
"इंचाला एकोणपन्नास."
मग माझ्याच काउंटरवरचा टेप घेतला.
"उंची पावणेसोळा. गुणा की."
गुणलं. सातशे एकाहत्तर, वर काहीतरी.
"मग हजार ऐंशी कुठं गेले?"

"हा रेडी आहे काका. रेडी म्हणजे..."
म्हणजे काय, ते मलाही कुणी सांगितलं नव्हतं.
"म्हणजे लेबल हाय, धागा न्हाई.
आमी असं केलो असतो तर
गठ्ठाच्या गठ्ठा माघारी आला असता."

शेजारचा, तेवढ्याच मापाचा, तीन हजारांनी महाग.
एकोणसत्तर.
"हां. हे पोत हाय."
मग स्टुलावर बसून सांगत राहिले, न विचारता:
चादरीवरच्या मोराच्या डोळ्याला नऊच धागे मिळायचे त्यांना,
नवांत डोळा उघडा दिसला पाहिजे,
एक पुठ्ठा चुकीचा टोचला की मोर आंधळा.
अडतीस वर्षं.
पाण्याचा ग्लास तसाच हातात.

पिशवीत होती कॅसेट.
काळी, जाड, चिकटपट्टीवर पेनानं: पद्मजा लग्न, ९३.
"ह्यात आमची मंडळी हाय. एकदाच.
पंगतीत वाढता वाढता मागं वळून बघती.
तुमच्या रेकॉर्डरात घातलं
तर ह्या टीव्हीवर अशीच दिसंल का, पोपटासारखी?"

गल्ल्यामागून शेठनं मान हलवली: हो म्हण.
रेकॉर्डरचे दोन डबे फेब्रुवारीपासून पडून होते.

मी म्हणाले, हा डबा चॅनल साठवतो, कॅसेट नाही.
तिला वेगळं मशीन लागतं, अशोक चौकात एक जण करून देतो.
आणि टेपमध्ये काका, मुळात तपशील थोडा.
नव्या डिस्कवर गेला तर पुसला जायचा नाही,
पण वाढायचाही नाही.

इतक्या लवकर कुठल्याच गिऱ्हाइकाला समजलं नव्हतं.
"बरोबर हाय. न विणलेला धागा
आता कुठनं येणार."
मग विचारलं, बसायचं किती लांब.
सात-आठ फूट, मी म्हणाले.
"मग चालतंय. चादर काय काच लावून बघत्यात का लोक?"
नोटा दोनदा मोजून दिल्या.
एकोणसत्तरवाला घेतला. डबा नाही.

महिन्यानं रिमोटची तक्रार आली.
आमचा तौफिक विडी घरकुलला जाऊन आला.
सांगत होता, म्हातारा टीव्ही थांबवून
अगदी पुढ्यात बसलाय फरशीवर,
बाईच्या तोंडावर भिंग लावून.
मी विचारलं, काही म्हणाले का?
"म्हणाले, डोळ्याला ठिपके बारा हायत,
पण बाराच्या बारा एकाच रंगाचे.
धागा एकच."
आणि रिमोट?
"सेल उलटे घातले होते."

आता मी रेडी म्हणजे काय ते आधीच सांगते.
शेठ म्हणतात, तुझ्यामुळे बत्तीस इंची खपेनात.
पोपट अजून उडतोच आहे.